खाचेआधी वाजलेले बारा

नवी सून होऊन आले त्या पहिल्याच वर्षी मी आमच्या घरचं पाणी रोज थोडंथोडं काढून चुलत सासऱ्यांच्या शेतात ओतत होते, आणि ओतताना घंटाही वाजवत होते. चोर निदान आवाज तरी करत नाही. मी साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असा गजर लावून आपल्याच घरात चोरी केली, आणि वर मान ताठ करून उभी राहिले की बघा, न्याय कसा असतो तो. वय सोळा-सतरा, शिक्षण सातवी पास आणि डोक्यात इंग्रजी. या तिन्हींतली एकही गोष्ट माणसाला शहाणं करत नाही. तिन्ही एकत्र आल्या तर मग बघायलाच नको.

ते इंग्रजी मला मारून शिकवलेलं होतं, हे आधी सांगायला हवं. माझे वडील बीदरला कचेरीत कारकून. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा सगळं उर्दूत होतं. काल आणि उद्या दोन्हीला ‘कल’, म्हणजे एका छडीत दोन दिवस शिकून व्हायचे. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कचेऱ्यांच्या पाट्या पुसून नव्या रंगवल्या, आणि आमच्या मास्तरांना वरून सांगणं आलं की आता इंग्रजीकडे लक्ष द्या. राज्य बदललं, छडी तीच राहिली. निरगुडीची होती, ओली असताना कापलेली. मास्तरांनी भिंतीवर एक तक्ता टांगला आणि त्यावर वेळेचे इंग्रजी शब्द मोठ्यापासून लहानापर्यंत लिहिले, इयरपासून सेकंडपर्यंत. शब्द चुकला की तळहात पुढे. यस्टरडे माझ्या डाव्या हातावर उठायचा, टुमारो उजव्या. फोर्टनाईट म्हणजे चौदा रात्री, म्हणजेच पंधरवडा, असं सांगितल्यावर मी विचारलं की रात्री चौदा आणि दिवस पंधरा असं कसं, तर छडी अंगठ्यावर बसली. नख काळं पडलं, गळालं, आणि नवं यायला किती फोर्टनाईट लागले ते मी मोजले.

नून म्हणजे भर दुपार. त्याच्या आधीची फोरनून, नंतरची आफ्टरनून. आणि ‘शार्प’. हा शब्द शिकवताना मास्तर छडी नुसती हवेत मारायचे, सूं असा आवाज यायचा. ट्वेल्व शार्प म्हणजे बाराला बारा, एक श्वास इकडे नाही की तिकडे नाही. वर्गातल्या पोरी त्या आवाजानं मान खाली घालायच्या. मला मात्र तो शब्द फार आवडला. ज्या शब्दांनी हातावर वळ उठले तेच शब्द पुढे मी दागिन्यासारखे अंगावर घालून मिरवले. आज ती पोर समोर आली तर मीच तिला दोन ठेवून देईन.

लग्न हुमनाबादच्या पलीकडच्या एका खेड्यात झालं. घरात मराठी आणि कानडी दोन्ही, शिव्या बहुतेक कानडीत. वडिलांनी रुखवतात एक गजराचं घड्याळ दिलं. पितळी, वर दोन घंटा, मध्ये एवढीशी हातोडी, आणि वजन असं की पाटा-वरवंट्यातला वरवंटाच हातात धरलाय. सासरी जाताना हुमनाबादच्या मोटारस्टँडवर वडिलांनी ते स्टँडच्या घड्याळाशी जुळवलं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, रोज किल्ली देत जा, विसरू नको. बाकी संसाराबद्दल त्यांनी काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

ते घर हातानं बोलणारं होतं. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे. त्यांच्या खांद्यावर कायम आसूड, बैलांवर उठायचा आणि अधूनमधून माझ्या नवऱ्यावरही. सासूला मी आत्या म्हणायची. आत्याचा हात कधी रिकामा नसायचा, चुलीची फुंकणी नाहीतर उलथनं. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या वर्षांत या पट्ट्यात जे जे झालं त्यात गावंच्या गावं रात्रभर जागी राहिली होती, दोन्हीकडची घरं जळाली होती, माणसं उसात लपली ती परत आली नव्हती. तेव्हा घराघरांत दाराआड कुऱ्हाडी आल्या. गडबड संपली, कुऱ्हाडी दाराआडच राहिल्या. पुरुषांचे हात तेव्हापासून सैल झाले होते. कोणी कोणाचं ढोर आपल्या बांधावर चरताना बघितलं तरी आधी डोकं फुटायचं, मग बोलणं व्हायचं.

अशा घरात मी गेले आणि कशालाच उपयोगी पडेना. माझी भाकर तव्यावर टाकतानाच फाटायची. म्हशीनं मला धार काढताना लाथ मारली, दात ओठात घुसला. शेतात जोंधळा हुरड्यात आला होता. पिकाच्या मधोमध लाकडी माळा उभा केला होता, त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची होती. आत्यानं गोफण हातात दिली तर मी म्हणाले की मला घड्याळाला किल्ली द्यायची आहे. आत्यानं फुंकणी फेकली. मी वाकले, ती रांजणावर बसली, रांजण फुटला.

वेळेचे शब्द मी घरात सगळ्यांना शिकवायचा चंग बांधला होता. त्या गावात माणसं वेळ डोळ्यांनी मोजायची. तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, दिवस माथ्यावर, दिवस कलला, कडूसं पडलं. मी एकदा आत्याला विचारलं, कासराभर म्हणजे नक्की किती मिनिटं? आत्यानं बैलाचा कासरा खुंटीवरनं काढला आणि म्हणाली, “ये, पाठीवर मोजून दावते.” दुसऱ्यांदा मी सांगितलं की इंग्रजीत लवकरला ‘सून’ म्हणतात. त्यावर ती इतकी हसली की खोकला लागला. म्हणाली, खोटं बोलायलीस, आमची तर दिवस वर आल्याबिगर उठत न्हाई. मग हसू पुसून टाकून तिनं निकालच दिला. शिवरात्रीपर्यंत बघणार. तोवर मी कुठल्याही एका कामाची झाले तर ठेवून घेणार, नाहीतर पेटी आणि घड्याळासकट बीदरला वडिलांच्या दारात नेऊन सोडणार.

आत्या बोलायची ते करायची. शेजारच्या आळीतली एक सून तशीच माहेरी गेली होती, परत कोणी आणायला गेलं नाही. माझ्या पाठी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मी परत गेले तर त्या दोघींचंही संपलं, हे मला इंग्रजीशिवायही कळत होतं. तेव्हा शिवरात्रीच्या आत मला काहीतरी करून दाखवायचं होतं.

आता विहिरीचं सांगते. शेतातली विहीर सामायिक होती, अप्पांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची. या धाकट्यांना घरात सगळे चिक्कप्पा म्हणायचे. रुंद छातीचा माणूस, मोठ्यानं हसणारा आणि हसता हसता मारणारा. दोघांच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी विहिरीचा दिवस कापून दोघांत वाटला होता. सकाळ थोरल्याची, दुपार धाकट्याची. मोटेचे दोन दगडी खांब काठावर उभे होते. मोट वर येऊन ज्या दगडी हौदात पाणी ओतते त्या थारोळ्याच्या काठावर म्हाताऱ्यानं छिन्नीनं एक खाच मारून ठेवली होती. डाव्या खांबाची सावली खाचेवर आली की थोरल्यानं बैल सोडायचे, धाकट्यानं जुंपायचे. हिवाळ्यात दिवस आखूड झाला तर दोघांचाही सारखाच आखूड. त्या खाचेवर वर्षानुवर्षं भांडण झालं नव्हतं, आणि हे दोघं भाऊ तर उरलेल्या प्रत्येक गोष्टीवर भांडायचे.

माघ लागला आणि आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं राखाडी झाकण. सावलीच पडेना. पहिल्या दिवशी चिक्कप्पा म्हणाले, दुपार झाली. अप्पा म्हणाले, अजून हाय. दोघांनी एकमेकांची आई काढली, म्हणजे दोघांनी आपलीच आई काढली, आणि गेले. दुसऱ्या दिवशी अप्पांनी बैल सोडले नाहीत तेव्हा चिक्कप्पांनी बैलांचे कासरे धरले. माझा नवरा खाली वाफ्यांना दारं धरत होता, तो धावत वर आला आणि त्यानं काकाला थारोळ्यात ढकललं. चिक्कप्पा पाण्यातनं उठले ते अप्पांचाच आसूड हिसकावून. नवऱ्याच्या पाठीवर आसूड असा ओढला की सदरा कातडीत गेला. दोन्ही बैल बिथरून मोकळ्या शेतात पळाले, आणि त्या दिवशी पाणी कोणालाच मिळालं नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याच्या पाठीवर हळद-तेल लावत होते. कापड सुटता सुटत नव्हतं. आत्या कंदील धरून उभी. मी म्हणाले, घड्याळाला ढग लागत नाहीत.

आत्यानं ते रात्रीच अप्पांच्या कानावर घातलं असणार. दुसऱ्या दिवशी गावातले चार जाणते आमच्या कट्ट्यावर येऊन बसले आणि मला दाराआडून बोलायला सांगितलं. मी दाराआडून काय बोलले म्हणता! फोरनून, आफ्टरनून, ट्वेल्व शार्प. सकाळी सहाला फोरनून लागणार, बाराला गजर, सहाला आफ्टरनून संपणार, दोघांना बरोब्बर सहा-सहा तास, ना ढग ना भांडण. मी प्रत्येक शब्द मास्तरांसारखा उच्चारला, हवेत छडी तेवढी नव्हती. नवं राज्य होतं, इंग्रजी शब्द आला की तो सरकारातनंच आला असं वाटायचं, त्यामुळे जाणत्यांनी माना हलवल्या. चिक्कप्पांनी आधी कुरकुर केली. अप्पा मात्र उठून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “घरच्या लेकीसारखी सून हाय. तिचा शब्द तो माझा शब्द.”

आयुष्यात माझ्या बाजूनं कोणी उभं राहण्याची ती पहिली वेळ. मी दाराआड पदरात तोंड घालून रडले.

त्या दिवसापासून दुपारच्या भाकरीच्या टोपल्यात घड्याळ जाऊ लागलं. खाली भाकरी, वर पिठलं, मधे फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ टिकटिक करत माझ्या डोक्यावरून निघायचं. वाटेत बायका विचारायच्या, आज काय वाजलं? मी थांबून, टोपलं उतरवून, फडकं सोडून सांगायची. भाकरी गार व्हायच्या. बैल मोट ओढत ज्या उतारावरून जातात त्या धावेच्या तोंडाशी घड्याळ दगडावर ठेवायचं, बारा वाजता गजर व्हायचा, मी हात वर करायची, अप्पा मुकाट्यानं बैल सोडायचे. चिक्कप्पा तर माझे भक्तच झाले. मला मास्तरीण म्हणायचे. बैल जुंपताना म्हणायचे, तुझ्या नूनचं पाणी लई गोड लागायलंय गं. मी फुगायची. त्यांना ते गोड का लागतंय, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही.

ढग चार दिवसांत गेले. ऊन पडलं, खांबाला सावली आली. मी त्या सावलीकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे घड्याळ असताना मी दगडाकडे कशाला बघू?

अप्पा बघत होते. गजर व्हायचा तेव्हा सावली खाचेपासून चांगली वीतभर लांब असायची. स्टँडवरचं घड्याळ रेल्वेच्या वेळेचं, साऱ्या देशाला एकच बारा. आमच्या धावेवर मात्र सूर्य माघात त्या बारांच्या मागनं, अर्ध्या तासानं सावकाश माथ्यावर यायचा. सकाळी सहाला तर अजून अंधारच, बैलाला धाव दिसत नाही तर मोट कोण धरणार? म्हणजे अप्पांची सकाळ दोन्ही टोकांनी कुरतडली जात होती. चिक्कप्पांनी सहाला थांबायचं असं ठरलं होतं, पण सहानंतर विहीर कोणाचीच नव्हती, तेव्हा ते दिवस बुडेपर्यंत मोट हाकायचे. मी सहा-सहा म्हणून जे वाटलं होतं ते असं होतं.

हे सगळं अप्पांना दिसत होतं आणि ते गप्प होते. आमच्या गव्हाचे टोकाचे वाफे पिवळे पडायला लागले. पाणी तिथवर पोचायच्या आत गजर व्हायचा. एके दिवशी आत्या शेतात आली, पिवळ्या वाफ्यात बसली, एक ओंबी चोळली. दाणे नव्हते, नुसतं भूस. ती तशीच मूठ बंद करून घरी आली आणि ते भूस माझ्या तोंडावर फेकलं. मग फुंकणी. त्या दिवशी मी वाकले नाही. खांद्यावर बसली, हात महिनाभर वर जात नव्हता. अप्पा मधे पडले. आत्या त्यांच्यावर उलटली, तुम्हांला दिसायलंय तर कामून गप बसलाव? अप्पा म्हणाले की चार माणसांत सुनेचा शब्द आपला म्हणून घेतला, आता तो मोडला तर उद्या तिला गावात कोण माणूस म्हणणार. आत्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की शिवरात्र परवा हाय.

आता इथे शहाण्या पोरीनं काय करावं? गावातल्या चार जाणत्यांना बोलवावं, चुकले म्हणून सांगावं, खाचेवर परत यावं. मी काय केलं? सकाळी सगळे शेतात गेल्यावर घड्याळाची मागची कळ फिरवली आणि काटा मागे घेतला. खाच आणि बारा एकमेकांवर येतील इतका. कोणाला कळणार नाही, गव्हाला पाणी मिळेल, अप्पांचा शब्द राहील आणि माझी पेटी घरात राहील. मला वाटलं, मी फार हुशार आहे.

चिक्कप्पांना घड्याळ वाचता येत नव्हतं, पण कान होते. लांबच्या सडकेवरनं हैद्राबादची मोटार रोज गजराच्या जरा आधी भोंगा देत जायची. भोंगा झाला की चिक्कप्पा वाफ्यांकडच्या लिंबाखालनं उठायचे, बैल धरून धावेशी यायचे, आणि ते येतात न येतात तोच माझा गजर व्हायचा. हे मला ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी भोंगा झाला, चिक्कप्पा आले, उभे राहिले, आणि गजर झाला नाही. ते थांबले. अप्पा मोट हाकत राहिले. एक मोट झाली, दुसरी झाली. चिक्कप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघितलं. मी घड्याळाकडे ज्या तोंडानं बघितलं, त्यातच त्यांना सगळं कळलं असणार.

ते हसले नाहीत, हे मला आठवतं. कमरेचा विळा काढला आणि अप्पांना म्हणाले, “तुझ्या पोरीनं काटा फिरवला.”

अप्पा धावेवरून उतरत होते. मोट भरली की बैल धावेनं खाली जातात आणि हाकणारा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर बसून आपलं वजन देतो, तसे ते नाड्यावर बसलेले. ते म्हणाले, सावली बघ, खाचेला लागायचीय अजून.

“सावलीचा करार तू मोडलास. मी न्हाई,” चिक्कप्पा म्हणाले आणि विळा नाड्यावर घातला.

ताणलेला नाडा तुटताना बंदुकीसारखा आवाज होतो. मोट खाली विहिरीत आपटली, पाणी काठापर्यंत उसळलं. ओझं एकदम सुटलं तसे बैल धावेवरून पुढे फेकले गेले. डावा गुडघ्यावर पडला, त्याचं शिंग दगडावर मुळापासून मोडलं आणि रक्ताची चिळकांडी माझ्या लुगड्यावर आली. अप्पा हवेत उडून थारोळ्याच्या काठावर उजव्या हातावर पडले. हाड कोपराच्या खाली बाहेर आलं. पांढरं, धुतल्यासारखं पांढरं.  त्या हाताकडे ते असे बघत होते, जणू कोणाचा तरी दुसऱ्याचा हात शेजारी पडला आहे.

चिक्कप्पा हातात विळा घेऊन तिथेच खिळले. त्यांचंही तोंड उघडंच होतं. आपण काय केलं ते त्यांना दिसत होतं, पण पोचत नव्हतं. त्यांची पाठ वाफ्यांकडे. आणि वाफ्यांतनं माझा नवरा येत होता, दोन्ही हातांत फावडं उचलून. ओरडत नव्हता. ओरडला असता तर मी घाबरले नसते. त्याच्या पाठीवरचे आसुडाचे वळ अजून भरले नव्हते, आणि फावड्याचं पातं उभं होतं, आडवं नव्हतं. उभं पातं माणसाच्या मानेत कुठवर जातं हे गडबडीच्या वर्षांत आमच्याकडच्या पोरापोरांनी बघितलेलं होतं.

मी मधे. माझ्या हातात काय? घड्याळ.

मी ते फेकलं. नेम धरला, एक श्वास थांबले, आणि फेकलं. खांदा आत्याच्या फुंकणीनं दुखत होता म्हणून डाव्या हातानं. घड्याळ नवऱ्याच्या भुवईवर बसलं. कातडी डोळ्यावर लोंबली. फावडं हातातनं सुटून चिक्कप्पांच्या टाचेमागे जमिनीत रुतलं, आणि नवरा झाड पडल्यासारखा पाटात आडवा झाला. पाटाचं पाणी लाल होऊन गव्हाकडे निघालं. आणि इतक्यात घड्याळ, काच फुटलेलं, एक घंटा उडालेलं, पाटाच्या चिखलात उताणं पडून गजर करायला लागलं. ट्वेल्व शार्प. एकाच घंटेवर, ठ्यँ ठ्यँ ठ्यँ, किल्ली संपेपर्यंत. खाचेवर सावली आली होती की नाही ते कोणी बघितलं नाही.

त्या आवाजानं चिक्कप्पा हलले. त्यांनी विळा विहिरीत टाकला. आपला पटका सोडला, भावाच्या हाताखाली घातला, आणि बांधताना त्याला शिव्या दिल्या, सगळ्या कानडीत, लहानपणी आई द्यायची तशा. अप्पा दात आवळून म्हणाले, घट्ट बांध, बाईसारखा कामून बांधायलास. मग दोघांनी माझ्या नवऱ्याला पाटातनं ओढून काढलं. शिंग मोडलेला बैल गाडीला जुंपता येईना, तेव्हा चिक्कप्पांनी आपले बैल जुंपले आणि वाटेत घरून आत्याला घेऊन बापलेकाला हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं. गाडीत नवरा शुद्धीवर आला आणि त्यानं विचारलं की कोणी मारलं. चिक्कप्पांनी सांगितलं, बारा वाजले तुझ्यावर. नंतर वर्षानुवर्षं त्या दोघांना ते आठवून हसू यायचं, मला नाही.

अप्पांचा हात जुळला पण वाकडा जुळला. तो उन्हाळा संपेपर्यंत चिक्कप्पांनी दोन्ही पाळ्या हाकल्या. सकाळी भावाची, सावली खाचेवर आली की बैल सोडून, पाणी पाजून, तेच बैल परत जुंपून आपली. स्वतःच स्वतःला थांबवायचे. खाचेवर सावली आली नसताना आपल्या वाफ्याचं दार त्यांनी कधी फोडलं नाही, मी रोज बघत होते. माझा नवरा विहिरीकडे पाठ करून काम करायचा, काकाशी बोलायला त्याला पावसाळा यावा लागला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी गाडी गेल्यावर मी एकटी घरी आले. लुगड्यावर बैलाचं रक्त, पदराला नवऱ्याचं. घड्याळ चिखलातनं उचलून आणलं होतं, का ते मला माहीत नाही. पेटी काढली आणि भरायला घेतली. दोन लुगडी, चोळ्या, शाळेचं दुमडलेलं प्रशस्तिपत्रक. आत्या दवाखान्यातनं यायच्या आत आपणच निघावं, म्हणजे तिनं हाताला धरून बाहेर काढायला नको. हुमनाबादला पायी जाऊन मोटार धरायची होती. मोटार किती वाजता सुटते ते मला पाठ होतं.

दिवेलागणीला आत्या आली. तिच्या नवऱ्याचा हात मोडलेला, पोराच्या कपाळाला टाके, त्यातलं एक माझ्या काट्यानं आणि एक माझ्या हातानं, आणि हे सगळं तिला कळलेलं. ती दारात उभी राहून माझ्या पेटीकडे बघत राहिली. मग खाली बसली. वाकलेलं घड्याळ उचललं, कानाशी धरलं, हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. मला विचारलं, कुठनं फेकलंस. मी सांगितलं, थारोळ्यापासून. पोरगा कुठं होता? लिंबाच्या अलीकडे. कुठल्या हातानं? डाव्या. तिनं डोळे बारीक करून ते अंतर मनात मोजलं, थारोळ्यापासून लिंबापर्यंत. मी पेटीचं झाकण धरून बसले होते. 

आत्या उठली, खुंटीवरची गोफण काढली आणि माझ्या पेटीत लुगड्यांवर टाकली.

“घड्याळ मोडलं ते बरं झालं. पर नेम चांगला हाय तुझा. पेटी ठेव तिकडं, आन् उद्या दिवस उगवायच्या आत जोंधळ्यातल्या माळ्यावर जा, पाखरं लई झाल्यात.”